आठव्या दिवसाचा फोटो

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नऊ वर्षांची. दर मे महिन्यात ती नांदेडहून आमच्याकडे लातूरला पंधरा दिवस राहायला यायची. मागच्या मे महिन्यात तिचा उजवा हात मोडला, तोही माझ्या घरी, मी सांगितलेलं काम करताना.

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा घेते आणि ठरल्या क्रमानं पाणी भरते: आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग हौद, शेवटी मोटार लावून गच्चीवरची टाकी. टाकी किती भरली हे लोखंडी शिडीवर चढून, झाकण सरकवून बघावं लागतं. माझे गुडघे दुखतात. भाचीला ते काम फार आवडायचं. वरून ओरडायची, "मावशी, अजून एक वीत!"

त्या दिवशी पाइप निसटून शिडीवर पाणी उडालं होतं. मला ते माहीत होतं, कारण पाइप मीच परत बसवला होता. तरी खाली बटणापाशी उभी राहून मी म्हणाले, "पळ, बघून ये एकदा." ती पायातल्या चपलेसकट चढली. धप्पकन आवाज झाला. मी वर पोचले तेव्हा ती गच्चीवर बसली होती. रडत नव्हती. मनगटाच्या वर तिचा हात पळीच्या दांड्यासारखा वाकला होता.

डॉक्टरांनी तिला गुंगी देऊन हाड बसवलं आणि कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. प्लास्टर गुंडाळणारा माणूस म्हणाला, "लई धीराची पोरगी हाय बाई. हितं मोठे मोठे बोंबलतात." डॉक्टरांनी मला एक्स-रेचे दोन फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. आधीच्यात दोन्ही हाडं तुटलेली होती. नंतरच्यात ती जागेवर होती.

"मुलांचं हाड लवकर जुळतं," ते म्हणाले. "पण सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि आतल्या आत हाड सरकतं. वरून काही कळत नाही. आठव्या दिवशी फोटो काढायचाच. सरकलं असलं तर तेव्हा सोपं असतं."

मी तिथंच डायरीत सात सूचना उतरवल्या. बोटं हलवत राहायची. हात उंच ठेवायचा. प्लास्टरला पाणी लागू द्यायचं नाही. खाजवायला आत काडी घालायची नाही. बोटं निळी किंवा बधिर झाली तर ताबडतोब यायचं. आठव्या दिवशी फोटो. प्लास्टर साधारण सहा आठवड्यांनी काढायचं.

घरी येऊन बहिणीला फोन लावला.

"पडली? कुठून पडली?"

"खेळताना गं."

"हात मोडला का? खरं सांग ताई."

"मोडला नाही, चीर गेलीय नुसती. प्लास्टर घातलंय. तू रडू नको बरं."

ती घाबरू नये म्हणून तसं बोलले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तिच्या लेकीला मी ओल्या शिडीवर चढवलं, हे मला तिच्याकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. भाची शेजारीच बसली होती. फोन ठेवून मी तिला म्हणाले, "आईला टाकीचं सांगू नकोस हं. उगाच घाबरेल." तिनं मान हलवली.

तिसऱ्या दिवशी बहीण येऊन तिला घेऊन गेली. फाइल मी दिली नाही. सगळे कागद एका जागी राहू देत, असं म्हणून कपाटात ठेवली. फोटो पाहिला असता तर चीर आहे की काय, हे कुणालाही कळलं असतं. त्याऐवजी मी तिला चांगल्या अक्षरात यादी लिहून दिली. त्या यादीत सहाच सूचना होत्या. नुसत्या चिरेला आठव्या दिवशी फोटो कशाला, असं तिनं विचारलं असतं. म्हणून ठरवलं, आठव्या दिवशी फोन करून सहज म्हणायचं, जाता जाता एक फोटो काढून घे.

आठव्या दिवशी मी फोन केलाही.

"एकदम मजेत आहे," बहीण म्हणाली. "तुझी यादी फ्रीजवर लावलीय. एक गोष्ट चुकवत नाही मी. शेजारीण म्हणते, अशी मोठी बहीण मिळायला नशीब लागतं."

यानंतर मला ते वाक्य बोलता आलं नाही. उद्या बोलू म्हटलं. शाळेच्या ऑफिसात, माझ्या टेबलाशी, प्रवेशाची गर्दी सुरू होती. डायरीत त्या ओळीपुढे मी रोज पुढची तारीख टाकत गेले.

अठराव्या दिवशी तिचाच फोन आला. "ताई, प्लास्टर लई सैल झालंय गं. माझी दोन बोटं आत जातात. हात तिरका वाटून राहिला. असं होतं का?"

मी कपाटातली फाइल घेतली आणि मिळेल त्या बसमध्ये बसले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. तिला काय सांगायचं याची मनात जुळणी करत होते. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य खोटंच निघत होतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी नवा फोटो उजेडाला धरला. हाड सरकलं होतं आणि तसंच वाकडं जुळायला लागलं होतं. "भूल देऊन पुन्हा सरळ करावं लागेल," ते म्हणाले. "जुने फोटो आहेत?"

मी दोन्ही दिले.

"आणि आठव्या दिवसाचा?"

"तसं कुणी सांगितलंच नव्हतं," बहीण म्हणाली. "चीर होती ना नुसती."

"चीर? अहो, दोन्ही हाडं तुटलेली होती."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, डॉक्टरांसमोरच: शिडी, फोन, फाइल आणि न लिहिलेली ओळ. बोलताना माझा आवाज ऑफिसात बोलते तसाच स्वच्छ येत होता, याचीच मला अधिक लाज वाटली.

"टाकीवर चढली होतीस?" बहिणीनं लेकीला विचारलं.

भाची तिच्याकडे न बघता मला म्हणाली, "मी नाही सांगितलं हं, मावशी."

भाचीला आत नेल्यावर बाकावर आम्ही दोघी बहिणीच राहिलो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तिला दुखायचं गं. मी विचारलं की म्हणायची, चीरच आहे, मावशी म्हणाली. मी तिला रडकी म्हणाले, ताई. दोनदा म्हणाले."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला नाही, पण मिटलेलाच ठेवला.

हाड पुन्हा बसवलं, नवं प्लास्टर घातलं. या वेळी बहिणीनं डॉक्टरांना सगळं त्यांच्याच हातानं लिहायला लावलं आणि तो कागद पर्समध्ये घातला. आठव्या दिवशी मी परत नांदेडला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. ती "ये" म्हणाली नाही आणि "जा"ही म्हणाली नाही. फोटो काढून होईपर्यंत मी बाहेर थांबले.

हाड जागेवर होतं. बहीण बाहेर आली, पाकिटातून फोटो काढून तिनं मला दाखवला. मी सवयीनं हात पुढे केला.

"नाही," ती म्हणाली. "बघ फक्त. हा माझ्याकडं राहील."

मी बघितला. दोन्ही हाडं सरळ रेषेत होती. तिनं तो पाकिटात परत सरकवला आणि मुलीला बोलवायला आत गेली.