चार बोटं कमी
मशीनच्या तेलाचा वास आला की जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या आमच्या घरमालकांचं थंडगार तळघर आठवतं. गेल्या शिकारीच्या मोसमात पावसामुळे त्यांच्या ठासणीच्या बंदुकीची गारगोटीची ठिणगी पडली नव्हती, म्हणून यंदा ते स्फोटक टोपीवर चालणारा नवा घोडा बसवत होते. इंजिनिअर म्हणून मी मदतीला. तासभर नळीचं तोंड पोटाशी धरून मी स्क्रू पिळले. शेवटी विचारलं, “रिकामी आहे ना?” “गेनाऊ, अगदी बरोबर, वर्षभर खुंटीलाच आहे,” म्हणत त्यांनी चाचणीसाठी स्फोटक टोपी उचलली. पण मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी दारू ठासायचा गज नळीत सोडला, मग बाहेरून लावून पाहिला. आत तो चार बोटं कमी गेला होता. त्यांनी टोपी हळूच परत डबीत ठेवली. पावसात न उडालेला तो बार अजून आतच होता. आजही तो वास आला की माझा हात आधी पोटावर जातो.