कागदावरून सरकणारा सूर्य

शिक्षकांच्या शिबिरात मी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडलं होतं. ते सारखं कडेला सरकायचं आणि मी दुर्बीण वळवून त्याला परत मध्ये आणायचो. निवृत्तीला आलेल्या कदमबाई कागदाजवळ वाकून पाहत होत्या.

"सर, दुर्बीण हलतेय का?"

"नाही बाई, पृथ्वी फिरतेय."

बाई हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. पण फिरताना आज पाहिली. जरा वेळ दुर्बिणीला हात लावू नका."

मी हात मागे घेतला. बिंब कागदाबाहेर जाईपर्यंत बाई हलल्या नाहीत. ज्या सरकण्याचा मला इतकी वर्षं वैताग यायचा, ते त्या दुपारी मीही त्यांच्या शेजारी उभं राहून डोळे भरून पाहिलं.