खांडेनवमीला चिकटवलेले पंख

बाणाला पंख चिकटवायचं काम मी हौसेनं शिकलो नाही, ते माझ्या गळ्यात पडलं. सेलूच्या बाजारात माझं कापडाचं दुकान. दिवसभर कात्री, मीटरची पट्टी आणि गिऱ्हाइकांची घासाघीस. तिरंदाजी म्हणजे टीव्हीवरच्या देवांनी करायची गोष्ट, असंच मला वाटायचं. पण मुलगी शाळेत असताना कॉलेजमागच्या मैदानावर एक सर पोरांना तिरंदाजी शिकवायला लागले आणि आमची ही एकुलती एक तिथं गेली ती रमलीच.

बाणाच्या मागच्या टोकाला प्लास्टिकचे तीन छोटे पंख असतात. दोन एका रंगाचे, एक वेगळा. बाण सरळ जातो तो या पंखांच्या जिवावर. रोज लक्ष्यात घुसून आणि ओढून काढून त्यांच्या कडा वळतात, फाटतात, मग ते बदलावे लागतात. सुरुवातीला मी ते सरांकडे घेऊन जायचो. एके दिवशी सर वैतागले. "शेठ, हे घरच्या घरी करायचं काम हाय. मी पोरं शिकवू का पंख चिकटवत बसू?" असं म्हणून त्यांनी पंख धरायचं एक चिमट्यासारखं यंत्र माझ्या हातात ठेवलं.

काम तसं किचकट. जुना पंख ब्लेडनं उपटायचा, खालचा वाळलेला गोंद खरवडून काढायचा आणि नळी स्पिरिटच्या बोळ्यानं लख्ख पुसायची. सरांचं यावर फार बोलणं असायचं. एकदा पुसल्यावर बोटसुद्धा लावायचं नाही म्हणायचे, कारण बोटाचा ओशटपणा लागला तरी गोंद धरत नाही. मग नवा पंख चिमट्यात पकडायचा, त्याच्या बुडाला गोंदाची बारीक रेघ ओढायची आणि नळीवर दाबून धरायचं. पहिले काही बाण मी असे बिघडवले की मुलगी हसून हसून लोळली. पुढे हात बसला. शेजारचा भांडीवाला मला दुकानातसुद्धा बाण खरवडताना बघायचा आणि गिऱ्हाइकांसमोर विचारायचा, "काय शेठ, औंदा निवडणुकीला उभारायलाव का?" मी चिडायचो. मला चिडायला फार लागत नाही, हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक आहे.

बायकोला या खेळातलं काही कळायचं नाही. पोरगी मैदानावरून आली की तिचा एकच प्रश्न, "आज मधी लागला का?" लागला म्हटलं की ती खूश, मग दोन घास जास्त वाढायची. मी पंख चिकटवायला बसलो की ती समोर ज्वारी निवडत बसायची आणि माझ्या हाताकडे बघत म्हणायची, "एवढं मन लावून कधी माझ्या साडीला फॉल लावला न्हाई." तिघं एका खोलीत, आपापल्या कामात. त्या संध्याकाळी आठवल्या की आजही बरं वाटतं, आणि लगेच वाईटही वाटतं.

शालेय गटातलं मुलीचं ते शेवटचं वर्ष होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला निवड चाचणी होती. तिथं निवड झाली की थेट राज्याचा संघ. सरांना तिची खात्री होती. मला वाटतं, सगळ्या जिल्ह्यात त्यांना तिच्याइतकी खात्री दुसऱ्या कुणाची नसावी. त्यांनी निरोप धाडला की चाचणीच्या आधी सगळ्या बाणांचे पंख नवे करून घ्या, जुन्या पंखांवर भरवसा नको.

अष्टमीला संध्याकाळी मी सगळे बाण सोलले, खरवडले, स्पिरिटनं पुसले आणि कागदावर मांडून ठेवले. पण दसऱ्याची गर्दी, दुकानातून नोकराचा फोन आला आणि चिकटवायचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं.

दुसरा दिवस खांडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आम्ही शंकराची माणसं, त्यामुळे हळदीकुंकवाबरोबर भस्माची बोटंही ओढतो. दुकानातली कात्री, मीटरची पट्टी, घरातली विळी, अडकित्ता, बायकोची शिलाई मशीन, सगळं त्या दिवशी देव होतं. बायकोचं माहेर बोरीचं, शेतकऱ्याचं घर. तिकडची तिची एक रीत आहे. पूजेआधी हत्याराला तेल पाजायचं. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, सगळ्यांना करडईच्या तेलाचा बोळा फिरवायचा, मुरू द्यायचं आणि मग फडक्यानं पुसून पाटावर ठेवायचं. तेलाशिवाय हत्यार उपाशी राहतं, असं तिची आई म्हणायची.

मुलीचे बाण दरवर्षी त्या पाटावर असायचे, पण पंख लावलेले, त्यामुळे त्यांना नुसती हळदीकुंकवाची बोटं लागायची. त्या वर्षी ते पहिल्यांदा उघडे होते. मी अंघोळीला गेलो होतो, मुलगी झेंडूची फुलं आणायला. बायकोनं बाण बघितले. नुसत्या धातूच्या नळ्या, पोरीच्या आयुष्यातली एवढी मोठी परीक्षा, आणि त्यांना उपाशी कसं ठेवायचं? तिनं एकेक बाण मांडीवर घेऊन त्याला तेल पाजलं. पोरीचा हात निसटू नये म्हणून जुन्या साडीच्या फडक्यानं पुन्हा पुसूनही काढलं. हे मला पुढे कळलं, तिच्याच तोंडून, सहज बोलताना.

पूजा झाली, पुरणाचं जेवण झालं आणि दुपारी मी चिकटवायला बसलो. बाणांच्या टोकांवर हळदीकुंकू होतं, ते बघून मला बरंच वाटलं. नळ्या काल माझ्याच हातानं पुसलेल्या, म्हणून पुन्हा बोळा फिरवला नाही. पंख छान बसले. मुलीनं एकेक बाण डोळ्यासमोर धरून फिरवून बघितला आणि म्हणाली, "अप्पा, आता तुमी दुकान बंद करा, हेच काम धरा."

नांदेडला मी तिच्यासोबत गेलो. मैदानाच्या कडेला दोरी बांधली होती, तिच्या मागे आम्ही आईबाप मंडळी. तिचे पहिले बाण इतके सुरेख लागले की शेजारच्या अनोळखी माणसानं माझा हात दाबला. मग सगळी पोरं बाण काढायला लक्ष्याकडे गेली. ती तिकडून परत येताना मला दिसली आणि तिच्या चालण्यावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. दोरीजवळ येऊन तिनं मूठ उघडली. मुठीत पंख होते. बाण ओढून काढताना ते नुसते हाताला आले होते.

मी एक पंख उचलला. गोंदाची रेघ अख्खी त्याच्या बुडाला होती, नळीला तिनं धरलंच नव्हतं. वर थोडी पिवळी झाक. अंगठा फिरवला तर ओशट. नाकाशी नेला आणि घरच्या करडईच्या तेलाचा वास आला. माझं डोकं भणाणलं. तिथल्या तिथं फोन काढला. बायकोला मी काय बोललो असतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पोरीनं फोनवर हात ठेवला. "अप्पा, आईला सांगायचं न्हाई."

"अगं पण..."

"तिनं मायेनं केलंय. तुमी सांगितलं तर ती ह्यातून कधीच बाहेर येणार न्हाई. माझी शपथ हाय तुमाला."

तोवर तिला पुन्हा बोलावणं आलं. गोंद घरी राहिला होता. कुणाकडून तरी जखमेला लावायची चिकटपट्टी मिळाली, ती गुंडाळून तिनं पंख कसेबसे बसवले. बाण डुलत जायचे. काही लक्ष्यावर लागले, काही गवतात गेले. तिनं शेवटपर्यंत एकही बाण सोडायचा राहू दिला नाही. रडलीही नाही. सरांना म्हणाली, पंख मीच चिकटवले होते, घाई केली. सरांनी सगळ्यांसमोर तिला झापलं. मी दोरीच्या मागे शपथेपोटी राग गिळून उभा होतो.

घरी बायको भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन दारात उभी. ओवाळून टाकताना तिनं विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "वारं लय व्हतं, आई." एवढ्यावर तो विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

त्यानंतर मुलीनं धनुष्य हातात धरलं नाही. अभ्यास आहे म्हणाली, मग बारावी, मग फार्मसी. मला वाटलं, पोरीचं मन उडालं. एकदोनदा रागाच्या भरात मी तिला धरसोडीची म्हणालोसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. आता ती पुण्याला नोकरी करते, दसऱ्याला येते. बायको अजून दर खांडेनवमीला ते बाण कपाटावरून काढते, कारण तिच्या मते पोरगी पुन्हा खेळेल. आणि दरवर्षी पूजा झाल्यावर मला हळूच विचारते, "तवा माझ्याकडून काही कमी पडलं व्हतं का हो?" मी नाही म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

गेल्या महिन्यात सर दुकानात आले. पोराच्या लग्नाचं कापड घ्यायचं होतं. केस पिकलेत त्यांचे. थान उलगडता उलगडता त्यांनी मुलीची चौकशी केली आणि म्हणाले, "लय वाईट वाटतं शेठ. पुढच्या सालीच मी तिला परत बोलावलं व्हतं. खुल्या गटात नाव घालतो म्हणलं. पोरीचा हात काय व्हता!"

मी म्हणालो, तिचंच मन नव्हतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटत होतं की मला माहीत असेल. मग त्यांनी सांगितलं. ती मैदानावर आली होती, एकटीच. त्यांच्याजवळ सगळं बोलली. म्हणाली, सर, खेळायचं तर बाण घरात ठेवावे लागतील, आणि घरात ठेवले की आई आता प्रत्येक स्पर्धेआधी, पंख असले तरी, त्यांना तेल पाजणार. नको म्हणाले तर का म्हणून विचारणार. मला आईशी खोटं एकदाच बोलता आलं, रोज न्हाई जमणार.

"आन् खरं सांगू का, ती लय रडली, शेठ," सर म्हणाले. "त्या दिवशी नांदेडला न्हाई रडली तेवढी."

कापड मी किती फाडलं ते मला कळलं नाही. नोकरानं हात धरला तेव्हा भानावर आलो. सर गेल्यावर गल्ल्यामागे बसलो आणि दुकानभर नजर फिरवली. पाठीमागे कपाटं, वर माळा, खाली रिकामी खोकी. बायको वर्षातून एकदासुद्धा दुकानात पाऊल टाकत नाही. बाण इथं ठेवता आले असते. पोरीनं माझ्याकडे एक शब्द टाकायचा होता, किंवा ती धरसोड करतेय असं वाटलं तेव्हा मी तिला ओरडण्याऐवजी एकदा विचारायचं होतं. एवढीशी जागा लागली असती, आणि माझ्याकडे अख्खं दुकान होतं.