फ्रीजरमधल्या दोन बेअरिंग

रविवारी सकाळी सात वाजता मामीचा फोन आला. "तुझे मामा गेले वं," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" … खरंच हेच विचारलं मी. आज पाच आठवडे झाले, तरी तो शब्द आठवला की अंग आकसतं.

आदल्या संध्याकाळीच मी खापरखेड्याला त्यांच्या अंगणात होते. माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक महिनाभर खरखरत होतं. रोज धरमपेठहून बुटीबोरीला कामावर तशीच जात होते. गॅरेजमध्ये एकटीनं जाऊन बोलायचं मला जमत नाही, हे कुणाला सांगितलं नव्हतं. मामांनी चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं.

"काहून वं, अशीच चालवून राहिली होती?"

"गॅरेजवाले हसतील म्हणून…"

"मी बी हसून राहिलो ना! मेली का तू?"

मामा वीजकेंद्रातले निवृत्त फिटर. चाक काढून त्यांनी झिजलेल्या दोन्ही बेअरिंग ठोकून बाहेर काढल्या आणि आणून ठेवलेल्या नव्या बेअरिंग एका पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवल्या. रात्रभर थंडीनं त्या आकसतील, सकाळी उन्हात चाकाचा हब, म्हणजे मधला पोकळ भाग, फुगेल, मग सहज बसतील. नवीवर जुनी ठेवून ठोकायचं, म्हणजे मार फक्त बाहेरच्या कड्यावर बसतो. "आतल्यावर मारलं तर नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी म्हातारी होते. उद्या तूच ठोकशील. मी खुर्ची टाकून बसतो."

पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

घर माणसांनी भरलं होतं. बर्फासाठी कुणीतरी फ्रीजर उघडला आणि ती पिशवी हातात धरून विचारलं, "हे काय आहे?" मला एकटीलाच माहीत होतं. पिशवी घेतली आणि परत आत ठेवली.

नंतर मामेभाऊ म्हणाला, गाडी टेम्पोत टाकून गॅरेजला देऊ. मी इतक्या जोरात "नाही" म्हटलं की त्यानं गाडीवरचा हात काढून घेतला. मामांनी मला सांगितलेलं एकच काम उरलं होतं, तेही दुसऱ्या कुणी केलं असतं तर…

गेल्या रविवारी मी पुन्हा खापरखेड्याला गेले. हब उन्हात चांगला तापू दिला. फ्रीजरमधून पिशवी काढली. पहिली बेअरिंग नीट गेली. दुसरी तिरकी अडकली. काढली, सरळ धरून पुन्हा लावली. ठोकता ठोकता भद्द आवाज एकदम खणखणीत झाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, "बसली ना जी! या आता हात धुवून."

इतकी वर्षं त्या अंगणातला हातोडा ऐकून ती आतून मामांना हेच म्हणत आली असणार.

मग आतलं लाटणं थांबलं. मामी दारात आली. पिठाचा हात तोंडावर. मी खाली बसलेली, हातात हातोडा.

मी उठले, नळावर हात धुतले आणि जेवायला आत गेले.