पळसाची लाख अन् टेंडरची पेटी

ये वो पोरी, जवळ बस. तो मोबाईल ठेव बाजूले. नोकरी लागली तवापासून आत्याकडे फिरकली नाई तू. गडचिरोलीहून पोंभुर्णा काय विलायत हाय? फोनवर दोन शब्द बोलते अन् "आत्या, हापिसात काम हाय" म्हणून ठेवून देते. म्हणून हे लिहून राह्यली. मी तुह्या बाजूले बसली हाय असं समज अन् वाच. रागावली नाई मी. थोडीशी रागावली.

मागच्या फोनवर तू हासत सांगतलं, "आत्या, मले टेंडरच्या टेबलावर बसवलं. परवा एका बचत गटाच्या बाईचं पाकीट मी परत केलं. सील बरोबर नव्हतं. नियम म्हंजे नियम."

मी तवा फोन ठेवला अन् हे लिहाले बसली. आता ऐक.

"हे काय शेण चोपडून आणलं?"

चांद्याच्या एका हापिसातला बाबू मले असं बोलला. भरल्या हापिसात, मोठ्यानं. आमचं पाकीट त्यानं दोन बोटाइनं धरलं होतं, मेला उंदीर शेपटीनं धरते तसं. मी धुवट लुगडं नेसून गेली होती. त्या एका वाक्यानं लुगड्यासकट मी शेणाची झाली.

का गेली होती तिथी? तुह्यासाठी.

तू तवा आश्रमशाळेत होती. लहान होती, तुले आठवते का नाई, मले माहीत नाई. मले आठवते. एका रविवारी तुले भेटाले आली मी. तू ताटावर वाकून बसली होती. भातातले किडे काढून ताटाच्या काठावर ओळीनं ठेवत होती, जसं काही गणित सोडवून राह्यली. मी म्हटलं, पोरी, हे काय? तू म्हणाली, "आत्या, काळे किडे दिसते. पांढऱ्या अळ्या दिसत नाई, त्या जाते पोटात."

आपण धान पिकवणारे लोक. घरी कोठीत लुचईचं धान भरलं होतं. अन् आपली पोट्टी सरकारच्या ताटात अळ्या खात होती. काऊन? तर शाळेले धान्य पुरवाचा ठेका एका शेटजीकडे होता. सालोसाल त्याच्याचकडे.

आमच्या महिला मंडळात मी ही गोष्ट सांगतली. साऱ्याइच्याच पोरी तिथी होत्या. अंगणवाडीची बाई म्हणाली, दर सालाले टेंडर निघते, कोणीबी भरू शकते, आपण काऊन नाई? तिनंच नियमाचे कागद वाचून दाखवले. अमका दाखला, ढमका दाखला, बँकेचा ड्राफ्ट. एकेक नियम ऐकून आमचे चेहरे उतरत गेले. पण बायाइनं हिंमत सोडली नाई. दाखल्यांसाठी तहसिलात चपला झिजवल्या, ड्राफ्टही काढला. मंग शेवटचा नियम आला. पाकीट लाखेनं बंद करावं, त्यावर मोहोर उठवावी.

लाख! आमी बाया हासलो वो. सारे नियम परके, हा एक नियम आपल्या जंगलाचा. बांधावरच्या पळसावर लाख लागलेलीच होती. काडीवरून खरवडली, खापरावर वितळवली, पाकिटावर सोडली. माह्या बोटाले चटका बसला, पण मी हसतच होती. मोहोर कशाची उठवाची? मी माह्या कुंकवाच्या डबीचं झाकण घेतलं, पितळेचं, त्यावर फूल कोरलेलं होतं. दाबलं. फूल असं उमटलं, जसं साच्यातून निघालं. असं पाकीट साऱ्या जिल्ह्यात कोणाचं नसन, म्हणत एसटीत बसली मी. एकटीच. बाकीच्या बायाइची धानाची कापणी होती.

हापिसात टेंडरच्या पेटीजवळ ठेकेदाराचे माणसं उभे होते. एकानं पेटीच्या फटीवर कोपर ठेवलं होतं, पानठेल्यावर ठेवते तसं. मले म्हणाला, "बाई, निराधारचे पैसे तिकडच्या हापिसात भेटते." मी म्हटलं, टेंडर टाकाचं हाय. तो दुसऱ्याकडे पाहून म्हणाला, "ऐकलं का भाऊ? ह्या बाईले टेंडर टाकाचं हाय." मंग म्हणे आधी बाबूले दाखवा.

अन् बाबू म्हणाला, शेण.

"शेण नाई भाऊ, लाख हाय. पळसाची."

"लाख लाल राहते. अन् ही मोहोर? कुंकवाची डबी! पूजेले आली काय वो इथी?"

सारं हापिस हासलं. टायपिंगवाली बाई बी हासली. ते मले जास्त लागलं.

साहेब बाहेर आला. चांगला शिकलेला, शुद्ध बोलणारा. त्यानं माह्याकडे पाह्यलंच नाई, पाकिटाकडे पाह्यलं. "ओळख पटेल अशी मोहोर हवी. नियम आहे. परत न्या."

तेवढ्यात शेटजी आला. हातात पाकीट, तोंड उघडंच. ना लाख, ना मोहोर. बाबू उठला. ड्रॉवर उघडलं, लाल लाखेची कांडी काढली, मेणबत्ती पेटवली, शेटजीच्या पाकिटावर लाख सोडली अन् सोताच्या हातानं शिक्का मारून देल्ला. फुंकर बी मारली, लवकर वाळाव म्हणून.

मी पाहतच राह्यली. ती लाल कांडी म्हंजे कोण? आमच्याच झाडावरची लाख. आठवडी बाजारात व्यापारी आमच्याकडून मापानं घेऊन जाते, ती धुतल्या जाते, रंगवल्या जाते अन् हापिसात येऊन बसते. रंगवली की सरकारी. आमच्या हातात असली की शेण.

"भाऊ, मले बी द्या ती कांडी. वेळ हाय अजून."

त्यानं ड्रॉवर लावलं. "सरकारी माल हाय, बाई."

शेटजी दिलदार माणूस. मले म्हणाला, "जाऊ दे वो बाई, टेंडर-बिंडर तुमचं काम नाई. माह्या गोदामात ये. तांदूळ निवडाले बाया लागते मले. रोजी देतो."

"निवडाले लागते?" मी म्हटलं. "म्हंजे किडे हायत. शेटजी, तुमीच सांगतलं, साहेबासमोर."

हासणं थांबलं. डोळा लवते तेवढंच. मंग साहेब म्हणाला, "वाद घालू नका. पाकीट उचला आणि निघा."

माहा हात पुढे गेला, पोरी. हे मी लपवत नाई. आपल्या हाताइले सवय हाय. साहेब उचला म्हणते, आपण उचलतो. मायनं उचललं, आजीनं उचललं. हात अर्ध्यात गेला अन् मले तुह्या ताटाचा काठ दिसला. ती किड्यांची ओळ.

मी हात मागं घेतला.

"नाई उचलत. काऊन घेत नाई ते लिहून द्या."

"लिहून? तुला वाचता येतं का?"

"नाई येत. तुमी लिहा. वाचणारं माणूस मी आणीन."

त्यानं लिहून देल्लं नाई. पेटीले कुलूप लागलं. मी टेबलासमोर खाली बसली. लोक माह्या बाजूनं वाट काढून जात होते, जशी मी गळक्या छताखालची बादली. शेवटी चपराशी आला. म्हातारा, आपल्याच भागातला. माह्या कोपराले धरून हळूच म्हणाला, "बाई, उठ वो. माही नोकरी जाईन." त्याच्यासाठी उठली. पाकीट नाई उचललं. ते तिथीच राह्यलं, कुंकवाच्या फुलासकट.

फाट्यावर बाया वाट पाहत होत्या. एक जण माह्या तोंडाकडे पाहून बोलली, "म्हंजे आणखी एक साल."

अन् तू आणखी एक साल ते खाल्लं.

मी वाचाले त्याच्यानंतर शिकली. शाळेत नाई, रात्रशाळेत बी नाई. दुकानातून पुडे येते ना, त्याच्या पेपरावर. लोक पहिलं देवाचं नाव वाचते. मी पहिला शब्द वाचला तो "निविदा".

पुढच्या साली आमी लाल कांडी विकत घेऊन गेलो. म्हणे अनुभव पाह्यजे. ठेका भेटल्याशिवाय अनुभव कुठून आणाव? त्याच्या पुढं म्हणे उलाढाल पाह्यजे. नियम म्हंजे वेळूसारखा, आमी कापला की बाजूनं दुसरा फुटते. ठेका आजबी आमाले भेटला नाई. शेटजी थकला, आता त्याचा पोरगा पुरवते. पण आता नाई म्हणाचं असलं की लिहून देते. कारण मी उठत नाई हे त्याइले माहीत झालं.

आता तू सांग. त्या गटाच्या बाईचं पाकीट तू परत केलं. तिची लाख कशी होती, पाह्यली काय? ती कोण्या गावाहून आली होती, विचारलं काय? तुह्या ड्रॉवरमंधी कांडी होती ना वो? मंग ड्रॉवर उघडलं काऊन नाई? असल्याच एका बंद ड्रॉवरपायी तू अळ्या खाल्ल्या. अन् आता त्या ड्रॉवरची किल्ली तुह्याच कमरेले हाय.

माहं ठरलं हाय. औंदा तुह्या हापिसाचं टेंडर निघन तवा आमी बाया तिथी येऊ. पाकिटाले लाख पळसाचीच लावीन, मोहोर त्याच डबीची. तुह्या टेबलासमोर उभी राहीन. आत्या म्हणून नाई. तू परत केलं तर तुले बी म्हणीन, लिहून दे. अन् पाकीट उचलणार नाई.

त्याच्या आधी एकदा घरी ये. नवे तांदूळ कांडले हाय, निवडून ठेवले हाय. एकटी नोको येऊ. ती बाई कुठली हाय ते शोध, तिले संग घेऊन ये. दोघीइले ताट वाढते. लवकर ये.