जांभळ्या तुऱ्यामागचं आजारपण

ग्रुपवरच्या सिल्की जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनो, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आज सकाळी माझी राखाडी कोंबडी माझ्या मांडीवरच दगावली. आमच्या श्रीवर्धनच्या वाडीत आलेली पहिली सिल्की तीच.

परवा शेजारच्या जुबेदाखाला म्हणाल्या होत्या, "बेटा, हिचा तुरा काळा पडलाय. आजारी दिसते." मी हसले. "खाला, सिल्कीचा तुरा असाच जांभळा-काळा असतो. कातडीसुद्धा काळीच." खालांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्यात, आणि मी त्यांना शिकवत होते.

मघाशी डॉक्टरांना फोन केला. ते उद्या येणार आहेत, तोवर आजारी वाटतील त्या कोंबड्या वेगळ्या ठेवायच्या. पण आजारी कोणती, हेच कळत नाही. खालांना विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या गावठी कोंबडीचा लाल तुरा बदलला की लगेच दिसतं. तुझ्या या काळ्या तुऱ्यांत मी काय ओळखू?"

पांढरा कोंबडा दुपारपासून दाणा टिपत नाही. त्याचा तुरा जांभळा आहे. कालही इतकाच जांभळा होता का, ते मला आठवत नाही.

सिल्कीचा आजार तुम्ही कशावरून ओळखता? माहीत असेल ते आत्ताच सांगा.