आत्याचा बिननंबरी चष्मा

अंगारा, उतारा आणि देवऋषी यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, छापली आहेत आणि महाड-पोलादपूरच्या बाजारात उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडून वाटली आहेत. तेव्हा पुढचं वाचून ‘हाही त्यांतलाच निघाला’ असं कुणी म्हणेल, तर खुशाल म्हणो. मी आहे तिथेच आहे. पण एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, आणि पाहिलेलं दडवणं मला जमत नाही.

माझी आत्या पोलादपूरजवळच्या कापडे गावात राहते. भाताची झोडणी सुरू झाली की कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात कुसळ जातंच, आणि ते काढायला माणसं आत्याकडे येतात. ती पापणी उलटते, पदराचं टोक ओलं करून त्याला पीळ देते आणि कुसळ अलगद टिपते. त्याबद्दल साधी सुपारीसुद्धा घ्यायची नाही, असा तिच्या सासूने घालून दिलेला नेम आहे.

अलीकडे मात्र आलेल्या माणसाला ती परत पाठवू लागली. जवळचं दिसेना... सुईत दोरा ओवता येईना. गाव म्हणालं, हिने कुणाकडून तरी खण घेतला असणार, म्हणून हातचा गुण गेला. आत्याने ते मनाला लावून घेतलं. माझं डोकं फिरलं. मी ओटीवर उभा राहून सगळ्यांना सुनावलं, “अरे, चाळिशी उलटली की डोळ्यातलं भिंग ताठर होतं! सगळ्या जगात होतं! त्याला खण लागत नाही, चष्मा लागतो!”

पुढच्या बाजाराला पोलादपूरहून मोटारीने आत्याला महाडला नेलं. तिथे एक चष्मेवाला झाडाखाली पेटी उघडून बसतो. वय विचारून चष्मा हातात ठेवतो — चाळिशीला कमी नंबर, पन्नाशीला जास्त. जवळचं दिसायला मध्ये फुगीर काच लागते, आणि वयाबरोबर तिचा फुगवटा वाढत जातो, एवढंच त्यातलं शास्त्र. आत्याला तिथे बसवलं आणि ओळखीचे दोघे दिसले म्हणून पत्रकं द्यायला गेलो. तेवढ्यात घोळ झाला.

आमच्याकडे डोळ्यांची परीक्षा एकच — समोरच्या डोंगरावर चरणारं जनावर कुणाचं, ते सांगायचं. मी परत येईपर्यंत आत्या एकेक चष्मा लावून डोंगराकडे बघत होती! जवळच्या काचेतून डोंगर धूसरच दिसणार. योग्य ते सगळे चष्मे तिने “यात धूर हाय” म्हणून परत केले आणि एक पसंत केला.

“बाईंना मी सांगितलं हो,” चष्मेवाला हसत म्हणाला. “तो बिननंबरी. मुंबईहून सुट्टीवर येणाऱ्या शौकीन पोरांसाठी ठेवतो. साधी खिडकीची काच!”

मी ताडून पाहिलं. माझं पत्रक जमिनीवर ठेवलं आणि नंबरचा चष्मा उन्हात धरला, तर खाली झगझगीत ठिपका पडला. आत्याचा धरला, तर नुसती फ्रेमची सावली. वर-खाली केला... तरी सावलीच.

“आत्ये, यातून तुला जवळचं दिसणार नाही.”

“माझं डोळं तुझ्या कागदाला काय ठावं? मला ह्योच हवा.”

“मग दुसराही घेऊ.”

“दोन कशाला रे? मला काय चार डोळं हायत?”

आजूबाजूचे हसले. मी हरलो. तो एकच चष्मा घेऊन आम्ही परतलो. वाडीत दुसऱ्या कुणाकडे चष्मा नाही, हे लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात झोडणी करताना आत्याच्या सुनेच्या, सखूच्या, डोळ्यात कुसळ गेलं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा लालभडक सुजला, पाणी थांबेना. मी पापणी उलटून पाहिली, चांगला तरणा माझा डोळा, पण काही दिसेना.

“महाडला डॉक्टरकडे न्यायचं. आत्ता!” मी म्हणालो. “डोळा जाईल तिचा!”

“ने की. बैल जुंपेस्तोवर मला बघू दे,” आत्या म्हणाली आणि तिने तो चष्मा चढवला.

भर उन्हात, खळ्यावर. सखू घाबरून मागे सरत होती.

“हलू नको गो बाय. वर बघ... हां. दोन हायत. एक मोडलेलं हाय.”

पदराचं टोक एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं. माझ्या तळहातावर तिने दोन तुकडे ठेवले, केसाहून बारीक. सखूने डोळा मिचकावला आणि रडायलाच लागली... सुटल्यासारखी.

“चष्म्याचा गुण!” कुणीतरी ओरडलं. झालं! एक खूळ घालवायला गेलो आणि दुसरं उभं राहिलं. हा हाताचा सराव आहे, काचेत काही नाही, हे तिथल्या तिथे दाखवायचं म्हणून मी आत्याच्या नाकावरून चष्मा काढला, खिशातलं पत्रक खळ्यावर पसरलं आणि सगळ्यांदेखत चष्मा उन्हात धरला.

ठिपका पडला.

झगझगीत. बरोबर पत्रकाच्या काळ्या मथळ्यावर. माझा हात तसाच राहिला, आणि धूर निघाला.

“अरे, जाळतोस काय खळं? पेंढा हाय सगळा!” आत्याने चष्मा हिसकावून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा धरला. फ्रेमची सावली. काच पुसून धरला, फुंकर मारून धरला... सावलीच. महाडला चष्मेवाल्याकडे नेला. त्याने बोटांनी काच चाचपली, म्हणाला, “साधी काच. सांगितलं नव्हतं?” आत्यालाही आता त्यातून सुई ओवता येत नाही. सखू ओवून देते.

उन्हाचा तिरपेपणा, सकाळचं दव, माझी घाई — जेवढी कारणं सुचली तेवढी तपासली. एकही टिकलं नाही. भोक पडलेलं पत्रक माझ्याजवळ आहे. त्याचा मथळा होता, ‘तपासा, मगच माना.’

तपासायला मी तयार आहे. आत्याला तसं म्हणालोही. ती चष्मा पदरात गुंडाळत म्हणाली, “परत कुणाच्या डोळ्यात कुसळ जाईल, तवा बघ हो.”

झोडणी पुन्हा तोंडावर आली आहे. पण माझी शंका फिटावी म्हणून कुणाचा डोळा सुजावा, अशी वाट मी बघणार नाही. खळ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो — वारा बघून उभे राहा, डोळे सांभाळा. कोडं माझ्यापाशी आहे तसंच राहू दे.